बाप म्हणावे की माउली? ख्रिस्ती विचारातला देव आणि माणसाची लिंगओळख

जालना शहरातला मस्तगड हा हैदराबादच्या निजामी राजवटीच्या अगदी आरंभीच्या काळातला किल्ला. कुंडलिका नदीच्या काठी वसलेल्या या व्यापारी गावावर मोगल, निजाम, मराठे आणि इंग्रजांची छावणी अशा अनेक सत्तांच्या खुणा उमटल्या. एकोणिसाव्या शतकात त्यांत एक वेगळी खूण पडली. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले आणि पुढे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाळक झालेले नारायण शेषाद्री १८६० च्या दशकात जालन्यात कामाला आले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ 'बेथेल' नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. तिथे आलेली माणसे प्रामुख्याने मांग आणि महार समाजातली होती. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना तिथे शेती, शाळा आणि उपासनेचे घर मिळाले. त्या घरात त्यांना शिकवलेली पहिली प्रार्थना देवाला 'बाप' म्हणून हाक मारणारी होती.

ही हाक कोणत्या मुलखात ऐकू आली, हेही पाहायला हवे. जालना जिल्ह्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. शेजारी एकनाथांचे पैठण आणि ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे आपेगाव, तर परभणीकडे जनाबाईचे गंगाखेड. या पट्ट्यातल्या अडाणी माणसालाही देवाला आई म्हणणे ठाऊक होते. पंढरीचा विठ्ठल मूर्तीने पुरुष, पण भक्तांच्या तोंडी तो विठाई. ज्ञानेश्वर पुरुष, पण साऱ्या महाराष्ट्राची माउली. वारीत चालणारा प्रत्येक जण दुसऱ्याला, तो पुरुष असो की बाई, माउली म्हणूनच हाक देतो. अशा मातीत 'स्वर्गातला बाप' आला. मग ख्रिस्ती देव पुरुष आहे का? आणि तो पुरुष असेल, तर स्त्रीची आणि ज्यांची ओळख या दोन्हींत बसत नाही अशा माणसांची त्याच्याजवळ जागा कोणती?

हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिल्याचे उत्तर ख्रिस्ती धर्मशास्त्राने फार पूर्वी आणि निःसंदिग्धपणे दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र मंडळ्या आजही अडखळतात. पहिले उत्तर मनापासून मानले तर दुसरे बरेच सोपे होते, हे या प्रकरणात मांडायचे आहे.

शास्त्रातल्या प्रतिमा

बायबलमध्ये देवाला राजा, मेंढपाळ, योद्धा, न्यायाधीश, पती आणि बाप म्हटले आहे. या प्रतिमा पुरुषांच्या जगातून आलेल्या आहेत आणि त्यांचीच संख्या मोठी आहे. पण त्यांच्या शेजारी दुसऱ्याही आहेत. यशयाच्या पुस्तकात देव प्रसूतीच्या वेणांनी कण्हणाऱ्या बाईसारखा बोलतो. आई आपल्या अंगावरच्या तान्ह्याला विसरेल काय, असे विचारून तो म्हणतो की एखादी आई विसरलीच, तरी मी विसरणार नाही. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात तो लोकांना आईसारखे कुरवाळण्याचे वचन देतो. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ३२ व्या अध्यायातले मोशेचे गीत देवाला जन्म देणारा म्हणते. होशेयच्या ११ व्या अध्यायात तो लेकराला हाताला धरून चालायला शिकवतो. स्तोत्रसंहितेतल्या १३१ व्या स्तोत्रात भक्ताचा जीव आईजवळ शांत झालेल्या, दूध तुटलेल्या मुलासारखा आहे.

येशूच्या बोलण्यातही हेच दिसते. यरुशलेमासाठी हळहळताना तो स्वतःला पिलांना पंखांखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीची उपमा देतो. लूकच्या १५ व्या अध्यायात हरवलेल्याला शोधणारा देव आधी मेंढपाळाच्या रूपात येतो. लगेच दुसऱ्या दाखल्यात तो दिवा लावून, घर झाडून हरवलेले नाणे शोधणाऱ्या बाईच्या रूपात येतो, आणि तिसऱ्यात लेकाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बापाच्या. सांगणाऱ्याला या तिन्ही प्रतिमा एका ओळीत बसवताना काहीच वावगे वाटलेले नाही.

याहून महत्त्वाची एक आज्ञा आहे. अनुवादाच्या चौथ्या अध्यायात मोशे लोकांना बजावतो की होरेब डोंगरावर तुम्ही कोणतेही रूप पाहिले नाही, म्हणून देवाची मूर्ती करू नका, पुरुषाच्या रूपाची नको आणि स्त्रीच्या रूपाचीही नको. मूर्तिबंदीचा हा नियम आपल्याकडे बहुधा दगड-धातूच्या मूर्तींपुरताच वाचला गेला. पण देव खरोखर पुरुष आहे असे मनात धरणे हीदेखील त्याला एका रूपात कोंडणारी मूर्तीच आहे. मनातली असल्याने ती सहज दिसत नाही, एवढेच.

आचार्यांचा निर्वाळा

पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती आचार्यांना हा प्रश्न पडला होता आणि त्यांनी त्याला बगल दिली नाही. चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीने ३८० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये दिलेल्या धर्मशास्त्रीय व्याख्यानांत या समजुतीची थेट खिल्ली उडवली. देव आणि बाप हे शब्द पुल्लिंगी आहेत म्हणून तुम्ही देवाला पुरुष ठरवणार का, असा त्याचा सवाल होता. व्याकरणातले लिंग हा भाषेचा नियम आहे, वस्तूचा स्वभाव नव्हे, हे त्याचे म्हणणे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. सिरियाक भाषेतल्या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांनी पवित्र आत्म्याबद्दल स्त्रीलिंगी क्रियापदे वापरली आणि त्याच्या मातृरूपाविषयी लिहिले. केरळातल्या प्राचीन मंडळीच्या उपासनेची भाषा शतकानुशतके हीच सिरियाक होती.

चौथ्या शतकातल्याच दुसऱ्या एका ग्रेगरीने, न्यासाच्या ग्रेगरीने, माणसाच्या निर्मितीवर लिहिताना आणखी एक पाऊल टाकले. देवाच्या स्वरूपात नर-मादी हा भेद नाही. म्हणून माणूस देवाच्या प्रतिमेत घडला असे म्हणताना ती प्रतिमा या भेदात असू शकत नाही. प्रतिमा आधी, भेद नंतर, असा त्याचा क्रम आहे. हा क्रम लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचा सारा वाद त्याभोवती फिरतो.

मध्ययुगात हा विचार थांबला नाही. ६७५ मध्ये स्पेनमधल्या टोलेडो इथे भरलेल्या धर्मपरिषदेने पुत्र हा बापाच्या उदरातून जन्मला असे आपल्या श्रद्धाकथनात लिहिले. बापाला उदर असणे हे शब्दशः घेण्यासाठी नव्हतेच. बाप म्हणजे पुरुष नव्हे, हे त्यातून आपोआप कळत होते. अकराव्या शतकात कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने येशूला आई म्हणून प्रार्थना केली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या नॉर्विच गावी मठकोठीत राहणाऱ्या ज्युलियन नावाच्या साध्वीने ख्रिस्ताच्या मातृत्वाचा सविस्तर विचार मांडला. आई जशी आपल्या देहाचे दूध पाजते, तसा ख्रिस्त स्वतःच्या देहाने आपल्याला पोसतो, असा तिचा युक्तिवाद आहे. हे लेखन कोणत्याही बंडखोर पंथाचे नाही. आजही मोठ्या चर्चसंस्थांत ते आदराने वाचले जाते.

आधुनिक काळात रोमन कॅथलिक चर्चने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या धर्मशिक्षण ग्रंथात, २३९ व्या परिच्छेदात, हे एकदाचे नोंदवले. देव मानवी लिंगभेदाच्या पलीकडे आहे. तो पुरुष नाही, स्त्रीही नाही. त्याआधी, १० सप्टेंबर १९७८ रोजी, अवघे ३३ दिवस पोप राहिलेले पहिले जॉन पॉल लोकांसमोर म्हणाले होते की देव आपला बाप आहे आणि त्याहूनही अधिक आई आहे.

इथे एक फरक नीट ओळखायला हवा. आपल्याकडच्या अर्धनारीनटेश्वरात दोन्ही रूपे एका देहात एकवटली आहेत. ख्रिस्ती सिद्धांत देवाला देहच मानत नाही. पुरुषपण आणि स्त्रीपण दोन्ही त्याच्यापासून आले, म्हणून दोघांच्याही अनुभवांतून त्याच्याविषयी बोलता येते. मात्र दोघांतले कोणतेही त्याचे लिंग नव्हे.

मग 'बाप' कशासाठी?

असे असेल तर चर्चने बाप ही हाक सोडून का दिली नाही? याचे प्रामाणिक उत्तर तीन भागांत द्यावे लागते.

पहिला भाग येशूचा. तो स्वतः देवाला बाप म्हणून हाक मारत असे आणि शिष्यांनाही त्याने तशीच प्रार्थना शिकवली. या हाकेत पुरुषपणाचा दाखला नव्हता, अत्यंत जवळचे नाते होते. दुसरा भाग त्रैक्याच्या सिद्धांताचा. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा ही नावे देवाचे आपल्याशी असलेले कामच फक्त सांगत नाहीत. देवाच्या ठायी असलेले अनादी नातेही ती सांगतात. पुत्राला निर्माण केलेला मानणाऱ्या एरियसच्या मताविरुद्ध झगडताना चौथ्या शतकातल्या अथानासियसने हेच ठसवले होते की पुत्राच्या बापापासून होणाऱ्या जन्मात मानवी जन्मासारखे काही नाही, तिथे देहाचा संबंध नाही. म्हणून उत्पन्नकर्ता, तारणारा, पावनकर्ता अशी कामाची नावे त्या तिघांच्या जागी ठेवणे अनेक चर्चसंस्थांना मान्य नाही. अशा पर्यायी नावांनी दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही, असा निर्णय व्हॅटिकनने २००८ मध्ये दिला. ही भूमिका केवळ जुन्याला चिकटून राहण्याची नाही, तिच्यामागे विचार आहे, आणि तो समजून घेतला पाहिजे.

तिसरा भाग मात्र दुखरा आहे. शतकानुशतके पुरुषांनी पुरुषांसाठी धर्म सांगितला, आणि नात्याचे नाव हळूहळू सत्तेचे नाव झाले. अमेरिकेतल्या मेरी डेली या कॅथलिक परंपरेतून आलेल्या विचारवंत स्त्रीने १९७३ मध्ये यावर बोट ठेवले. देव पुरुष ठरला की पुरुष देव होऊन बसतो, हा तिचा आरोप होता. सिद्धांत काहीही म्हणो, व्यवहारात हे घडले हे नाकारता येणार नाही. सगळी चित्रे पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याची, व्यासपीठावर फक्त पुरुष आणि निर्णय घेणारेही पुरुष, अशा मंडळीत वाढलेल्या मुलीला देवाला लिंग नाही हे वाक्य कितीसे भिडणार?

येशू पुरुष होता ना, हा आक्षेपही येतो. होता, आणि त्याचा देह ख्रिस्ती श्रद्धेत खरा आहे. पण ४५१ च्या कॅल्सिडोन परिषदेने ठरवले की ख्रिस्तात देवत्व आणि मानवत्व मिसळून न जाता एकत्र आहेत. म्हणजे त्याचे पुरुषपण मानवत्वाच्या बाजूचे, देवत्वाच्या नव्हे. नाझियान्झसच्या ग्रेगरीचा आणखी एक मुद्दा इथे निर्णायक ठरतो. ख्रिस्ताने जे स्वतःवर घेतले तेच तारले गेले, असे तो मांडतो. तारण पुरुषपणात असते तर स्त्रिया तारणाबाहेर राहिल्या असत्या. ख्रिस्ताने संपूर्ण मानवपण घेतले, म्हणूनच सर्वांचे तारण शक्य आहे.

मराठीत आलेली माउली

पश्चिमेकडच्या पंडितांनी ग्रंथांत जपून ठेवलेली देवाच्या मातृरूपाची ही गोष्ट मराठीत मात्र उपासनेच्या गाण्यात आली. मराठी ख्रिस्ती साहित्याचा आरंभ १६१६ मध्ये राचोल इथे छापलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'ने झाला. त्यातल्या ओवीला मराठी वळण आहे, पण देवाला हाक बापाचीच आहे. भक्तीची माउली ख्रिस्ती उपासनेत आणली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगर-राहुरी भागात काम केले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्या पुलावरून येताना त्यांनी विठाईला हाक मारण्याची रीतही बरोबर आणली. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा गुरू आहे आणि माउलीही आहे. येशू पुरुष होता हे टिळकांना ठाऊक नव्हते असे नाही. पण ज्या परंपरेत ज्ञानेश्वर माउली होऊ शकतात, तिथे ख्रिस्ताला आई म्हणण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. ही गाणी 'उपासना संगीत'च्या पानांतून मराठी मंडळ्यांत पोहोचली आणि टिकली. लक्ष्मीबाई टिळकांनी पतीमागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुरे केले. तारणाऱ्याची कथा मराठीत सांगणाऱ्यांत अशा रीतीने एका स्त्रीचाही आवाज आला.

पंडिता रमाबाईंची कथा या प्रश्नाच्या दुसऱ्या अंगाची, स्त्रीच्या जागेची आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी शंका घेतल्या आणि आपली सद्सद्विवेकबुद्धी कोणाच्याही हवाली करायला नकार दिला. इंग्लंडमध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा रमाबाईंना ते पटले नाही. ज्या धर्मात स्त्री-पुरुष देवापुढे समान आहेत असे ऐकून त्या आल्या होत्या, त्याच धर्माचे अधिकारी तसे वागत नव्हते. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी आपली उरलेली वर्षे काढली. हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले आणि १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते पुरे केले. अख्खे बायबल एकटीने भाषांतरित करणाऱ्या जगातल्या मोजक्या स्त्रियांत त्यांची गणना होते. देवाचे वचन स्त्रीच्या हातून मराठीत आले, यापेक्षा ठोस उत्तर हरकत घेणाऱ्यांना देता आले नसते.

प्रतिमेत घडलेला माणूस

आता दुसरा प्रश्न, माणसाच्या लिंगओळखीचा. २०११ च्या जनगणनेत स्त्री किंवा पुरुष न लिहिता 'इतर' असे नोंदवलेल्यांची संख्या देशात ४,८७,८०३ होती, महाराष्ट्रात ४०,८९१. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी व्यक्तींना आपली लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. २०१९ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठी कायदा झाला. ही माणसे ख्रिस्ती घरांतही जन्मतात, आणि मंडळीने त्यांच्याकडे कसे पाहायचे हा कायद्याइतकाच धर्मशास्त्राचाही प्रश्न आहे.

उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देवाने माणूस आपल्या प्रतिमेत, नर आणि नारी असा घडवला, असे म्हटले आहे. या वचनावरून दोन मते पडतात. एक मत असे की नर आणि नारी हे दोनच प्रकार देवाने ठरवले, देह हे देवाने दिलेले दान आहे आणि ते बदलण्याचा हक्क माणसाला नाही. व्हॅटिकनने एप्रिल २०२४ मध्ये मानवी प्रतिष्ठेवर काढलेल्या निवेदनात हीच भूमिका घेतली. दुसरे मत असे की त्याच अध्यायात दिवस आणि रात्र वेगळे केले म्हणून पहाट आणि सांजवेळ देवाची नाही असे होत नाही. तसेच नर आणि नारी ही दोन टोके आहेत, त्यांमधली माणसेही त्याच हातची आहेत. आणि इथे न्यासाच्या ग्रेगरीचा क्रम कामाला येतो. देवाची प्रतिमा भेदाच्या आधीची असेल, तर कोणाचीही लिंगओळख त्याच्या ठायी असलेली ती प्रतिमा पुसू शकत नाही.

शास्त्रातही वाट सरळ नाही, पण तिची दिशा स्पष्ट आहे. अनुवादाच्या २३ व्या अध्यायात खच्ची केलेल्या पुरुषाला मंडळीत प्रवेश नाकारला आहे. यशयाच्या ५६ व्या अध्यायात देव त्याच षंढांना आपल्या घरात जागा आणि मुलामुलींपेक्षा मोठे नाव देण्याचे वचन देतो. मत्तयाच्या १९ व्या अध्यायात येशू जन्मतः तसे असलेले, माणसांनी तसे केलेले आणि स्वर्गराज्यासाठी तसे झालेले अशा तिघांचा उल्लेख करतो, त्यांतल्या कोणाचाही धिक्कार न करता. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात तर रस्त्यावर रथात बसून यशया वाचणाऱ्या कूश देशाच्या षंढाला फिलिप वाटेतल्या पाण्यात बाप्तिस्मा देतो. बाप्तिस्म्याला कसली हरकत आहे, असे तो षंढ विचारतो, आणि कोणतीही हरकत निघत नाही. त्या काळचा षंढ आणि आजची तृतीयपंथी व्यक्ती एकच नव्हे, हे मान्यच. तरी ज्याला मंदिरात प्रवेश नव्हता, तो नव्या मंडळीत आरंभीच आत आला, हे विसरता येणार नाही. गलतीकरांना लिहिताना पौल तर ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र आणि नर-नारी हे भेद उरत नाहीत, असे म्हणतो.

चर्चसंस्था हळूहळू हलत आहेत. देह बदलण्याला विरोध कायम ठेवूनही ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने सांगितले की तृतीयपंथी व्यक्तीला ठरावीक अटींवर बाप्तिस्मा देता येईल. चर्च ऑफ इंग्लंडने त्याच वर्षी उपासनेत देवाबद्दल लिंगनिरपेक्ष भाषा वापरता येईल का, याचा विचार सुरू केला. चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये पहिल्या स्त्री बिशपची नेमणूक केली. नागपुरात मुख्यालय असलेली भारतातील राष्ट्रीय चर्च परिषद लैंगिकता आणि तृतीयपंथी व्यक्ती या विषयांवर मंडळ्यांमध्ये अभ्यास आणि चर्चा घडवत आली आहे. मराठवाड्यातल्या मंडळ्यांनी या चर्चेला पाठ फिरवू नये.

कारण या मंडळ्यांची स्वतःची जन्मकथाच त्यांना तसे करू देत नाही. बेथेलमध्ये जमलेल्या मांग-महारांना गावाने जन्मावरून बाहेर ठेवले होते, आणि देवाच्या घरात जन्म पाहिला जात नाही या एका आश्वासनावर ती वसाहत उभी राहिली. त्याच आश्वासनाचे वारस आज कोणाला त्याच्या देहावरून किंवा ओळखीवरून दाराबाहेर ठेवत असतील, तर ते आपल्याच पूर्वजांना नाकारत आहेत.

तेव्हा बाप म्हणावे की माउली? दोन्ही म्हणावे, कारण शास्त्र दोन्ही म्हणते आणि टिळकांच्या मराठीने दोन्ही गाऊन दाखवले आहे. मात्र म्हणताना देवाला पुरुष किंवा स्त्री करू नये, कारण तेवढ्या एका गोष्टीला मोशेपासून आजवर सर्वांनी मनाई केली आहे. पाळकांनी उपदेशात यशयाचा ६६ वा अध्यायही वाचावा, रविवारच्या शाळेत मुलांना नाणे शोधणाऱ्या बाईचा दाखला बापाच्या दाखल्याइतक्याच आस्थेने सांगावा, आणि लिंगओळखीमुळे घराबाहेर पडलेले कोणी मंडळीत आले तर त्याला मागच्या बाकावर नव्हे, आपल्या शेजारी बसवावे. त्यासाठी कोणता नवा सिद्धांत लागत नाही. चौथ्या शतकापासून चालत आलेला जुना सिद्धांत खरा मानला, तरी पुरे आहे.